स्केलेटन लेक आणि सासरी निघालेली लेक

माझ्या फोनमध्ये एक फोटो आहे. सप्टेंबर २०१७. मागे करडा कातळ आणि थोडा शिळा बर्फ. पुढे मी: लाल जॅकेट, फुटलेले ओठ, एका हाताची दोन बोटं 'व्ही' करून वर केलेली. दुसऱ्या हातात कवटी आहे. माणसाची.

फोटो रूपकुंडाच्या काठावरचा आहे. आमच्या आधी आलेल्या कुणीतरी तिथे दगडांच्या ढिगावर हाडं नीट रचून ठेवली होती. फोटो चांगला यावा म्हणूनच रचली असणार, कारण माणसाची हाडं आपोआप अशी रांगेत बसत नाहीत. आमच्या ग्रुपमधले सात जण एकामागून एक पुढे गेले. माझा नंबर आला तेव्हा मी हातमोजा काढला होता, एवढं आठवतं. कवटी गार होती आणि वाटलं होतं त्यापेक्षा हलकी. दोन दिवसांनी खाली रेंज आल्यावर मी पोस्ट टाकली, 'स्केलेटन लेक, डन!' लाईक्स भरपूर आले.

त्या फोटोची माफी मागायला हा लेख लिहीत नाहीये. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. एरवी स्मशानाच्या रस्त्यावरून जाताना आवाज खाली आणणारी मी, पाच हजार मीटरवर कुणाची तरी कवटी उचलून हसले, ते कुठली गोष्ट डोक्यात घेऊन? कारण वर पोचण्याआधी रूपकुंडाची गोष्ट मी किमान पन्नास वेळा ऐकलेली होती. त्या गोष्टीने मला कवटी उचलायला शिकवलं होतं.

रूपकुंडाच्या गोष्टी पुष्कळ आहेत. त्यातल्या चार मी इथे घेतेय: रीलची, माहितीपटाची, शोधनिबंधाची आणि गाण्याची. एकाच विषयावरची चार पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचावीत, तशा त्या वाचून बघू. कुठली खरी, हा माझा मुद्दा नाही. कुठली गोष्ट आपल्याला तिथे काय करायला लावते, हा आहे.

*

पहिली गोष्ट तुम्हाला पाठ असेल. सुरुवातीला ड्रोन. ढगांमधून खाली येणारा कॅमेरा, घुमणारा आवाज, आणि मग, 'भारतातलं सगळ्यात रहस्यमय तळं!' १९४२ मध्ये एका वनरक्षकाला इथे शेकडो सांगाडे दिसले. कोण होते हे लोक? जपानी सैनिक? तिबेटच्या मोहिमेवरून परतणारं जोरावरसिंहाचं सैन्य? रोगाची साथ? सामूहिक आत्महत्या? शेवटी 'रहस्य आजही कायम आहे', आणि बुकिंगची लिंक.

साठ सेकंदांत हे सगळं बसवायचं म्हणजे कौशल्य लागतं, ते मी नाकारत नाही. पण या गोष्टीचा आराखडा बघा. ती सांगाड्यांपासून सुरू होते आणि सांगाड्यांवरच संपते. मधे फक्त पर्याय येतात, परीक्षेतल्या प्रश्नासारखे. अ, ब, क, ड. उत्तर द्यायचं नसतं, कारण उत्तर मिळालं तर रील पुन्हा कशाला बघायचं? 'रहस्य' हा शब्द इथे एखाद्या गोष्टीचं वर्णन करत नाही, तो माल विकतो.

मराठी ट्रेकवृत्तांतही फार वेगळे नाहीत. आपल्याकडे सह्याद्रीच्या भटकंतीवर लिहिण्याची एक ठरलेली चाल आहे: पहाटेची एसटी, पोह्यांची प्लेट, एकाचा बूट फाटतो, कड्यावर धुकं सरकतं आणि शेवटच्या परिच्छेदात निसर्गापुढे माणूस किती क्षुद्र हे लेखकाला कळतं. ही चाल हिमालयात तशीच्या तशी नेली जाते. काठगोदामची ट्रेन, लोहाजंगचा बेस कॅम्प, आली आणि बेदनीची हिरवी कुरणं, भगवाबासाची गोठवणारी रात्र, पहाटे तीनला उठून चढाई. आणि रूपकुंडावर पोचलं की एक तयार वाक्य, 'मृत्यू हेच अंतिम सत्य.' ज्याच्या मृत्यूमुळे हे वाक्य सुचलं त्याच्याबद्दल मात्र पुढे काहीच नाही. वाक्य झालं, फोटो झाला, मॅगी झाली.

या गोष्टीत एक मोठी गफलत आहे. ती भूगोलाचीच आहे, त्यामुळे नकाशा उघडला तरी दिसते. रूपकुंड हे कुठल्याही वाटेचं टोक नाही. ते वाटेवर आहे. नंदादेवीची राजजात नौटीहून निघते, वाण या शेवटच्या गावातून वर चढते, बेदनी, पातर नचौणी, कैलू विनायक करत रूपकुंडापाशी येते आणि तिथे थांबत नाही. समोरची ज्युंरागलीची खिंड ओलांडून त्रिशूळच्या पायथ्याशी, होमकुंडाला जाते. सगळी मिळून साधारण २८० किलोमीटरची चाल. मानसरोवर किंवा हेमकुंडसारखं नाही, जिथे तळं हेच यात्रेचं कारण असतं. इथे तळं ही वाटेतली एक जागा आहे.

ट्रेकवाल्यांनी ही वाट रूपकुंडावर, फार तर खिंडीत, तोडली. सोय म्हणून तोडली, त्यात पाप नाही. पण वाट तोडली की गोष्टही तुटते. जी माणसं कुठून तरी निघून कुठे तरी चालली होती, ती आपल्या गोष्टीत कायमची तिथेच पडून राहतात, जणू त्यांचं सगळं आयुष्य आपल्याला सापडण्यासाठीच होतं.

*

दुसरी गोष्ट माहितीपटाची. २००४ मध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या पुढाकाराने एक पथक वर गेलं. या पथकाच्या कामात आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे मानवशास्त्रज्ञ डॉ. सुभाष वाळिंबे होते. काही कवट्यांवर वरून, गोल आणि जड वस्तूचा मार बसल्याच्या खुणा सापडल्या. शस्त्राचे वार नव्हते. खांद्याखाली इजा नव्हत्या. निष्कर्ष निघाला तो गारांचा. उघड्या कड्यावर, आडोसा नसताना, चेंडूएवढ्या गारांचा मारा. काळ निघाला साधारण नववं शतक.

ही गोष्ट रीलपेक्षा कितीतरी वरच्या दर्जाची आहे. तिच्यात निरीक्षण आहे आणि तिने स्थानिक गाण्याचं ऐकलं. त्या गाण्यात देवी यात्रेकरूंवर लोखंडासारख्या कठीण गारांचा वर्षाव करते. शास्त्रज्ञ कवटीवरच्या खोबणीकडे बघतात आणि म्हणतात, गाणं बरोबर असावं. माहितीपट म्हणून हा क्षण फार प्रभावी आहे.

पण माहितीपटाला शेवट लागतो. एक संध्याकाळ, एक वादळ, एक जमाव, सगळे एकदम गेले. पडद्यावर हे उत्तम दिसतं. मोजक्या कवट्यांवरच्या खुणा मग शेकडो माणसांचं मरण समजावू लागतात. पुराव्याने दिलेलं एक पान असतं, कथानक त्याचं पुस्तक करतं.

याच सुमारास आपल्याकडे एक वेगळीच गंमत सुरू झाली. त्या वेळच्या प्राथमिक डीएनए तपासणीवरून बातम्या आल्या की काही अवशेषांचं नातं कोकणस्थ ब्राह्मणांशी दिसतं. झालं. पुढची अनेक वर्षं ती ओळ मराठी फॉरवर्डमधून फिरत राहिली. आमच्या ट्रेकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही आली होती आणि एकाने लिहिलं होतं, 'भेटायला चाललोय पूर्वजांना.' सगळ्यांनी हसणारे चेहरे टाकले, मीही. आता वाटतं, त्या विनोदात एक बरी गोष्ट लपलेली होती. ती हाडं कुणाची तरी आहेत, एवढं तरी त्या मुलाला सुचलं होतं. पण 'आपली' म्हटल्यावरही आम्ही काय केलं, तर रांग लावली.

*

तिसरी गोष्ट २०१९ सालची. 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात रूपकुंडाच्या अवशेषांच्या प्राचीन डीएनएवर एक शोधनिबंध आला. अनेक देशांतल्या संशोधकांचं हे काम आहे. त्यात लखनौच्या बीरबल साहनी संस्थेचे नीरज राय आहेत, हार्वर्डचे डेव्हिड राइश आहेत, डेक्कन कॉलेजच्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठीही आहेत. तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला आहे. मी तो एक ललित मजकूर वाचावा तसा वाचला, आणि तुम्हीही वाचा असं सांगेन. भाषा कोरडी आहे, पण त्यातल्या मजकुराने झोप उडते.

३८ माणसांचा डीएनए त्यांनी वाचला. ३८ जण तीन वेगळ्या गटांतले निघाले. २३ जणांची वंशपरंपरा दक्षिण आशियातली. १४ जणांची भूमध्य समुद्राच्या पूर्व भागातली. आजच्या ग्रीसच्या मुख्य भूमीवरच्या आणि क्रीट बेटावरच्या लोकांशी त्यांचं सर्वात जवळचं साम्य. आणि एक जण आग्नेय आशियातला.

काळही एक नाही. पहिला गट साधारण सातव्या ते दहाव्या शतकांतला, आणि तेही सगळे एकाच वेळी गेलेले नाहीत. दुसऱ्या गटाचा आणि त्या एकट्या माणसाचा काळ त्यानंतर जवळपास हजार वर्षांनी, इसवी सन १८०० च्या आगेमागे. पुरुषही आहेत, बायकाही आहेत. या ३८ जणांत एकमेकांचे जवळचे नातलग कुणीच नाहीत. हाडांवरून त्यांच्या जेवणाचा अंदाजही बांधलाय: पहिल्या गटातल्या काही जणांच्या आहारात बाजरी-नाचणीसारखी भरड धान्यं होती, भूमध्यवाल्यांच्या आहारात ती जवळपास नव्हती. पहिला गटही एकजिनसी नाही; उपखंडातल्या वेगवेगळ्या समाजांतली माणसं त्यात दिसतात. म्हणजे आमच्या ग्रुपवरच्या त्या 'पूर्वजां'चा निकालही लागलाच. ते कुणा एकाच्या जातीचे, प्रांताचे नव्हते.

या निबंधाची मला सर्वात आवडलेली गोष्ट ही की तो कथानक मोडतो. एक वादळ, एक राजा, एक सैन्य, या सगळ्या 'एक'चा तो शेवट करतो. एकेका सांगाड्याला स्वतंत्र काळ, स्वतंत्र देश, स्वतंत्र ताट परत देतो. आपण ज्याला 'सांगाडे' असं अनेकवचनी म्हणून मोकळे होत होतो, ती सुटी सुटी माणसं होती हे मला कुठल्याही प्रवासवर्णनाने सांगितलं नाही, ते तक्त्यांनी भरलेल्या या मजकुराने सांगितलं. आणि भूमध्य समुद्राकडची माणसं गढवालात कशी पोचली, या प्रश्नापाशी तो थांबतो. कळत नाही, असं म्हणतो. रीलचं 'रहस्य' आणि निबंधाचं 'कळत नाही' यांत हाच फरक आहे. एक दुकान उघडतो, दुसरा वही मिटतो.

पण निबंधाचीही एक मर्यादा आहे. तो माणूस कुठून आला ते सांगतो, कशासाठी चालला होता ते त्याच्या हाडांत लिहिलेलं नसतं. जुन्या गटातले निदान काही जण यात्रेकरू असावेत, ही शक्यता निबंधाला पटते. परिसरातल्या देवळांतले आठव्या ते दहाव्या शतकांतले शिलालेख त्याला दुजोरा देतात. पण यात्रा म्हणजे काय, बाजरीची भाकरी खाल्लेली बाई इतक्या उंचीवर कुणाला भेटायला निघाली होती, हे विचारायचं तर प्रयोगशाळेतून बाहेर पडून गावात यावं लागतं.

*

आता चौथी गोष्ट. खरं तर ही सगळ्यात आधीची, पण माझ्यापर्यंत शेवटी पोचली.

उतरताना आम्ही वाणला एका घरी चहा प्यायला थांबलो होतो. घरातल्या आजींनी माझ्याकडे बघून विचारलं, "मायका कहाँ है तेरा?" मी म्हटलं, पुणे. "और ससुराल?" म्हटलं, लग्न नाही झालं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग तू अजून निघालीच नाहीस. मला वाटलं, नेहमीची चौकशी. मी विचारलं, तुम्ही गेलाय का वर, रूपकुंडला? म्हणाल्या, बेदनीपर्यंत. त्याच्या वर आमच्या वेळी बायका जात नसत.

एवढंच बोलणं झालं. त्यांनी एका वाक्यात रूपकुंडाची आख्खी गोष्ट सांगितली होती हे मला कळायला पुढे दोन वर्षं आणि एक पुस्तक लागलं.

गढवालच्या या भागात नंदा ही गावाची लेक आहे. देवी नंतर, आधी लेक. तिचं माहेर इथे खाली, गावात. सासर तिकडे वर, कैलासावर, शंकराकडे. बर्फ, राख, भांग आणि भुतावळ असलेलं सासर. दरवर्षी भाद्रपदाच्या सुमारास तिची जात निघते, आणि मोठी राजजात बारा वर्षांनी, असं म्हणायची पद्धत. प्रत्यक्षात ती १९६८, १९८७, २००० आणि २०१४ साली निघाली. सजवलेली डोली, रिंगाळाच्या छत्र्या आणि सगळ्यांच्या पुढे चार शिंगांचा मेंढा, चौसिंग्या खाडू. त्याच्या पाठीवर लेकीला द्यायची शिदोरी आणि दागिने बांधलेले. गावोगावच्या बायका रडत निरोप देतात. वाणला लाटू देवता, नंदाचा मानलेला भाऊ, पुढची वाट दाखवायला येतो. होमकुंडाला पूजा होते, खाडूला मोकळं सोडतात आणि तो एकटा वर बर्फाकडे निघून जातो. माणसं परत फिरतात.

मराठी वाचकाला यातलं काय परकं आहे? आपल्याकडेही भाद्रपदातच गौरी माहेरी येतात. तीन दिवस राहतात, पुरणपोळी खातात आणि विसर्जनाच्या दिवशी घरातल्या मोठ्या बायकांचे डोळे उगाच भरून येतात. जात्यावरच्या ओव्यांमधलं निम्मं जग माहेरच्या वाटेवर उभं आहे. फरक इतकाच की आपण गौरीला दारातून निरोप देतो. गढवाली माणसं लेकीला सोडायला सासरच्या उंबऱ्यापर्यंत जातात, आणि तो उंबरा बर्फात आहे.

आणि रूपकुंड? सासरी जाताना नंदाला तहान लागली, तेव्हा शंकराने त्रिशूळ मारून तिच्यासाठी पाणी काढलं. त्या पाण्यात तिला स्वतःचं रूप दिसलं, म्हणून रूपकुंड. सासरी जायच्या आधी लेकीने आरशात बघितलेली जागा. इंग्रजीतून आलेलं 'स्केलेटन लेक' हे नाव मराठीत लिहिलं की त्यात नकळत 'लेक' येते, आणि मी पोस्टमध्ये तो शब्द लिहिला होता तेव्हा मला ती दिसली नव्हती.

*

इथे थांबून या गाण्याच्या पायावर डोकं ठेवावं, असा मोह होतो. लोकपरंपरा श्रेष्ठ, विज्ञान कोरडं, रील वाईट. पण मला तेही मान्य नाही, कारण गाण्याचा उत्तरार्ध क्रूर आहे.

त्यात कनौजचा राजा जसधवल यात्रेला येतो. बरोबर गर्भार राणी बलम्पा, नोकरचाकर आणि नाचणाऱ्या बायका. राजा यात्रेचे नियम पाळत नाही. पातर नचौणीला तो नाच करवतो, तिथे त्या नाचणाऱ्या बायका शाप लागून नष्ट होतात. आजही त्या जागेचं नाव त्यांच्यावरूनच आहे. पुढे राणी वाटेतच बाळंत होते. सोयर पडतं, देवीची वाट विटाळते, देवी कोपते, गारा येतात, सगळे मरतात.

नीट बघा. नियम मोडायचा निर्णय राजाचा. पण गाण्याला विटाळ दिसतो तो नाचणारीच्या पायात आणि बाळंतिणीच्या पोटात. ज्या कथेच्या केंद्रस्थानी एक लेक आहे, तिच्यातच दुसऱ्या एका लेकीचं बाळंतपण हा गुन्हा ठरतो. आणि त्या गुन्ह्याची शिक्षा पुढे शतकानुशतकं चालू राहते: वाणच्या वर चामडं नको आणि बायका नकोत. नंदाला निरोप देताना रडायचं काम बायकांचं, सोबत चालायचं पुरुषांचं. वाणच्या आजींचं 'बेदनीपर्यंत' हे उत्तर तिथून आलेलं होतं. अलीकडच्या जातींत बायका पुढे जाऊ लागल्यात, पण ते या गाण्यामुळे नाही, गाणं असूनही.

मघाशी म्हटलेलं पुस्तक ते हेच: विल्यम सॅक्स यांचं 'माउंटन गॉडेस', १९९१ सालचं. सॅक्स हे मानववंशशास्त्रज्ञ, १९८७ च्या राजजातीत स्वतः चाललेले. त्यांच्या पुस्तकातली मला पटलेली गोष्ट अशी की नंदाची गोष्ट एक नाहीच. पुरुष आणि बायका ती वेगळी सांगतात. पुरुषांच्या, विशेषतः पुरोहितांच्या, दृष्टीने मुलगी लग्नानंतर सासरची होते, पूर्णपणे बदलते. बायकांच्या दृष्टीने ती कधीच पूर्ण जात नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीला तिथे ध्याणी म्हणतात. ध्याणीचा माहेरावर हक्क राहतो, तिला बोलावलं नाही, तिचा मान ठेवला नाही तर तिचा शाप लागतो. म्हणजे देवीचा कोप ही नुसती धर्माची बाब नाही. विसरलेल्या लेकीचा तो राग आहे.

हे पुस्तक सोपं नाही. मधली पानं नात्यांच्या व्यवस्थेच्या चर्चेत अडकतात आणि सामान्य वाचक दमतो. पण रूपकुंडावरच्या सगळ्या मजकुरांत हे एकच असं आहे जे सांगाड्यांवाचून सुरू होतं. ते चालणाऱ्या माणसांपासून सुरू होतं. तळं येतं तेव्हा आपल्यालाही तहान लागलेली असते.

हे वाचल्यावर गाणं मला परत वेगळं ऐकू आलं. जसधवलाचा खरा अपराध काय? तो लेकीच्या पाठवणीला मजा करायला आला. दुसऱ्याच्या घरातल्या हुंदक्याला त्याने सहलीची पार्श्वभूमी केलं. विटाळाचं सगळं बाजूला काढलं, आणि मी ते काढणारच, तरी एवढा आरोप शिल्लक राहतो. आणि हा आरोप वाचताना मला माझं लाल जॅकेट आठवतं.

*

ऑगस्ट २०१८ मध्ये, आमच्या ट्रेकनंतर वर्षभरात, उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांमध्ये, म्हणजे त्या उंचावरच्या कुरणांमध्ये, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. पर्यटकांच्या संख्येवरही २०० ची मर्यादा आली. आली आणि बेदनीवर तंबू टाकल्याशिवाय रूपकुंडाचा नेहमीचा ट्रेक होत नाही, त्यामुळे तो जवळपास बंदच पडला. आमच्या ग्रुपवर याची बातमी आली तेव्हा प्रतिक्रिया होती, 'बरं झालं, आपण आधी जाऊन आलो.' फारच थोड्यांनी हे वाचलं की न्यायालयात गेलेली समिती त्याच परिसरातल्या बुग्यालांच्या रक्षणासाठी उभी राहिलेली होती. तंबूंच्या खुणा, खेचरांच्या वाटा, प्लॅस्टिक हे सगळं त्यांच्या गुरांच्या चराईवर आणि त्यांच्या लेकीच्या वाटेवर पडलेलं होतं. बंदीची किंमतही त्याच गावांनी मोजली. गाइड, खेचरवाले, चहावाले यांचा हंगाम गेला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि आपल्या वृत्तांतांत दोन्ही नाहीत.

आणि हाडं. वर्षानुवर्षं येणाऱ्यांनी ती उचलली, हलवली, काहींनी आठवण म्हणून पिशवीत घातली. संशोधकांची एक अडचण हीच होती की तिथे काहीच आपल्या जागेवर राहिलेलं नाही. कोण कुठे, कुणाशेजारी पडलं होतं हे आता सांगता येत नाही. म्हणजे 'रहस्य कायम आहे' यातलं काही रहस्य आपणच तयार केलंय. मी हातमोजा काढून उचललेली कवटी मी नेमकी त्याच जागी ठेवली का? नाही. माझ्यानंतरच्या मुलाच्या हातात दिली.

*

मग चांगली गोष्ट कशी असेल? मला वाटतं, या चारही गोष्टी एकमेकींना लागतात. निबंधाकडून घ्यायचं ते 'कळत नाही' म्हणण्याचं धैर्य आणि ३८ जणांना ३८ म्हणून मोजण्याची शिस्त. गाण्याकडून वाटेची दिशा, पण त्याचा विटाळ वजा करून. माहितीपटाकडून लोकांचं ऐकायची तयारी. आणि रीलकडूनसुद्धा काहीतरी घेता येईल, कारण शेवटी तीच सगळ्यात जास्त लोकांपर्यंत पोचते. साठ सेकंदांतही नौटीहून निघता येतं. सांगाडे चाळिसाव्या सेकंदाला येऊ देत, आणि शेवटचं दृश्य होमकुंडाकडे एकट्या जाणाऱ्या खाडूचं असू दे. अशी रील मी अजून पाहिलेली नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणी बनवली तर मला पाठवा.

मराठीत ही गोष्ट लिहायला आपल्याजवळ इतर कुणाहीपेक्षा जास्त सामान आहे असं मला वाटतं. चालत जाणं म्हणजे काय हे वारीने शिकवलंय, लेकीला निरोप देणं म्हणजे काय हे ओव्यांनी. तरीही आपण हिमालयात गेलो की उधार शब्दांत लिहितो: समिट, कॉन्कर, मिस्ट्री. घरचं सगळं लोहाजंगला लॉकरमध्ये ठेवून वर गेल्यासारखं.

ती पोस्ट मी काढून टाकली. फोटो मात्र ठेवलाय. तो डिलीट केला तर मी तिथे तशी वागलेच नव्हते असं होईल, आणि ते खोटं आहे. मधे एकदा आईला दाखवला. तिने चष्मा लावून झूम केलं. मला वाटलं, ओरडेल. तिने विचारलं, "बाई की पुरुष?"

मला माहीत नव्हतं. तिथे उभी असताना मी विचारलंही नव्हतं.